खड्याचा रिपोर्ट

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. तेजस्वी हिस,

पाकिटावर सवयीने आधी 'सौ.' लिहिलं गेलं. खाडाखोड मला चालत नाही, म्हणून ते पाकीट फाडलं आणि दुसरं घेतलं. हे पत्र तू फाडण्याआधी पुढचं तरी वाचावंस म्हणून सुरुवातीलाच सांगते. 'परत ये' असं ह्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आधी कामाचं. मोनाचा शाळा सोडल्याचा दाखला मी मिळवला, तो सोबत आहे. मूळ प्रत आहे, झेरॉक्स काढल्याशिवाय नाशिकच्या शाळेत देऊ नकोस. तिचा लाल स्वेटर, दोन फ्रॉक आणि रंगपेटी पार्सलने वेगळी येईल. तू बदली मागून घेतलीस त्या नाशिकला आपल्यापेक्षा थंडी जास्त असते. स्वेटर आखूड झाला असेल तर कळव.

मोनाच्या गादीखाली धैर्यशीलचा तो हातात धरायचा व्हिडिओ गेम सापडला. त्याच्या मित्राने सिंगापूरहून आणलेला, राक्षस गोळा करायचा. एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे. तो पाठवू की नको, ते तू सांग. पार्सलात फुटला तर पुन्हा माझ्यावर यायचं.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. पत्राला निळ्या खुणा नसतात, म्हणून पत्र.

धैर्यशीलच्या दहाव्याच्या दिवसाबद्दल एकदाच लिहिते. स्मशानात ज्या खड्याने मडकं फोडलं तो पांढऱ्या फडक्यात बांधून आपण तुळशीमागच्या कोनाड्यात ठेवला होता. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या जीवखड्यात असतो असं लोक मानतात. मी शास्त्राची शिक्षिका, मी मानत नाही. पण न मानता करायच्या गोष्टीही नीट कराव्यात असं माझं मत आहे. दहाव्याला घाटावर सगळी भावकी जमलेली असताना चुलतभावाच्या नात्याने कृष्णातने फडकं सोडलं आणि आत खडा नव्हता. घडी मात्र नीट होती. आक्का शिरोळची, माझी थोरली जाऊ, तुझी चुलतसासू. तिचं तोंड तुला ठाऊक आहे. ती घाटावरच ओरडली, "धा दिवस जीव ठिवायला दिलता घरात, त्योबी सांभाळता आला न्हाई व्हय गं?"

पहिल्या संध्याकाळी तू म्हणाली होतीस, "आत्ती, हा दगड माझ्या डोळ्यांसमोरून न्या." घरातल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं होतं. म्हणून मी विचारलं, "तेजस्वी, खडा कुठं आहे?" मी आरोप केला नाही. विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. मोनाचा हात धरून घाट चढून गेलीस आणि संध्याकाळी तुझा भाऊ मुरगूडहून गाडी घेऊन आला.

कृष्णातने घाटावरचाच एक खडा उचलून विधी पुरा केला. कावळा शिवायला उशीर झाला. आक्काला तेवढंच पुरलं.

कळावे.

विजयमाला इंगवले


६ डिसेंबर

चि. तेजस्वी हिस,

पार्सल पोचल्याची पोच टपालखात्याकडून मिळाली. तुझ्याकडून नाही.

त्या खेळाविषयी लिहिते, कारण दुसऱ्या कशाविषयी लिहिलं तर भांडण होईल. बंद वस्तू घरात पडून राहिलेली मला आवडत नाही. चार्जर शोधला, सुरू केला. चष्मा लावूनही अक्षरं बारीक दिसतात, तरी जेवणानंतर थोडा वेळ बसते. तुला ह्यातलं किती माहीत आहे मला ठाऊक नाही. त्या बापलेकींनी आपल्याला त्यात कधी घेतलं नाही.

टोपी घातलेला एक पोरगा गावोगाव हिंडतो. गवतातून चित्रविचित्र जनावरं निघतात. ती पकडायची, पाळायची, झुंजवायची. शाळेचं नाव नाही. आई तेवढी घरात उभी असते आणि कितीही वेळा गेलं तरी तेच एक वाक्य म्हणते. सगळ्या खेळात ती एक बाई मला पटली.

तर ह्या खेळात कधीकधी गुहेत दगड सापडतो. कशाचं नख, कशाचं कवच, कुठे जबड्याचा तुकडा. तो घेऊन लॅबमध्ये जायचं. तिथे पांढरा डगला घातलेला एक माणूस असतो. तो दगड ठेवून घेतो आणि सांगतो की वेळ लागेल, जरा फिरून या. मग बाहेर पडायचं, एक चक्कर मारायची आणि परत आत जायचं. तो तुमच्या हातात जनावर देतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं, जिवंत, भूक लागलेलं. एका नखावरून अख्खा प्राणी. मी बी. एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलं होतं. शाळेत असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर भोपळा दिला असता.

दगडातून उठवलेली जनावरं त्या दोघांनी वेगळ्या पेटीत ठेवली आहेत. एकाला पंख आहेत, दात आहेत आणि तोंड कायम उघडं. त्याचं नाव बाळासो. आक्काच्या नवऱ्याचं नाव! इंग्रजी अक्षरांत आहे, पण स्पेलिंग बरोबर आहे. दुसरं शंखातून डोळे काढून बघणारं, त्याचं नाव मोना. तिसऱ्याचं डोकं लोखंडी ढालीसारखं. ते कुणालाच मागे वळू देत नाही आणि समोरच्याने काही करायच्या आत धडक मारतं. त्याचं नाव आज्जी.

सगळ्यांत जास्त ताकद त्याची केलेली आहे. किती झुंजी खेळवल्या असतील तेवढ्यासाठी.

ऑगस्टमधली गोष्ट आठवते. त्याची कावीळ तेव्हा नुसती डोळ्यांत होती, पोटात उतरलेली कळली नव्हती. तू ऑफिसात होतीस. दोघं सोप्यावर बसून खेळत होती.

मोना म्हणाली, "आज्जी, फॉसिल म्हंजे काय?"

"मराठीत विचार."

"मराठीत काय म्हंत्यात ते म्हाईत असतं तर तुला कशाला इचारलं असतं?"

धैर्यशील हसला. "आई, व्याख्या सांगून झोपवू नकोस हां तिला."

मी म्हटलं, जीवाश्म. शब्द फोडून बघ. जीव अधिक अश्म. अश्म म्हणजे दगड.

"म्हंजे जीव असल्याला दगूड."

"नाही. जीव असलेला नव्हे. जीवाचा झालेला."

"एकच की गं आई," धैर्यशील म्हणाला.

"एकच नाही." मग मी तिला सगळं नीट सांगितलं. जनावर मरतं, नदीच्या तळाशी जातं. वर गाळ बसतो. गाळावर गाळ. मऊ असतं ते सगळं जातं, कठीण राहतं. मग हळूहळू कठीणही जातं आणि त्याच्या जागी दगड येतो, त्याच आकाराचा. मग कधीतरी नदी वळते, जमीन वर येते आणि कुणाला तरी ते सापडतं.

ती उठली आणि परसातून फ्रॉकमध्ये दगड भरून घेऊन आली. ह्यात बघ म्हणाली. मी सांगितलं, इथे मिळणार नाही. आपला काळा दगड आगीतून आलेला आहे. आगीतून आलेल्या दगडात जीव सापडत नाही.

"मग आपल्याकडं मेल्यालं कोणच परत येत न्हाई?"

"आपल्याकडं फक्त पावणं परत येत्यात," धैर्यशील म्हणाला. "त्येबी जेवायच्या टायमाला." दोघं हसत सुटली. मी दगड परत परसात टाकायला लावले.

हे सगळं तुला का लिहिलं, माहीत नाही. घरात दुसरं कुणी नाही म्हणून असेल.

कळावे.

विजयमाला इंगवले


२० डिसेंबर

चि. तेजस्वी हिस,

तुझा निरोप मिळाला. दोन महिन्यांत पहिला, आणि तोही प्रश्न: 'मोना रोज विचारते, कोल्हापूरचा रिपोर्ट आला का. कसला रिपोर्ट? तुम्ही तिला काही सांगितलंय का?'

मी तिला काहीही सांगितलेलं नाही. पोरांना आशा लावायची सवय मला नाही, हे तू माझ्याबद्दल अनेकदा तक्रारीने बोलली आहेस. धैर्यशीलचे सगळे रिपोर्ट फाईलमध्ये आहेत आणि फाईल तुझ्या कपाटात आहे. एकही यायचा राहिलेला नाही.

मोनाला फोनवर विचारायचं म्हटलं तर फोन तुझा. तूच विचारून बघ, आणि प्रश्न नीट विचार. 'कसला रिपोर्ट' असं दरडावून विचारलं तर ती मिटून बसते. ते तिने बापाकडून घेतलं आहे.

आक्का आली होती. चार दिवस राहिली. जाताना कोनाड्याकडे बघून म्हणाली, "अजून दिवा लावतीस व्हय गं हितं?" मी म्हटलं, लावते. ती म्हणाली, "कशाला? रिकामाच हाय की." मी म्हटलं, तेल माझं आहे.

विजयमाला इंगवले


३ जानेवारी २०२५

तेजस्वी,

हे पत्र बसून वाच.

काल सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला गल्लीच्या तोंडाच्या लॅबमध्ये गेले. तिथला जिनेंद्र तुला आठवत असेल. हुपरीचा, चष्मेवाला, धैर्यशीलचं रक्त घ्यायला घरी यायचा तो. त्याने सुई काढली, कापूस लावला आणि तिथेच घुटमळला.

"आज्जी, एक इचारू?"

"विचारायचंच असेल तर विचारू का म्हणून विचारू नकोस."

"तुमची नात परत कधी येणार हाय?"

मी म्हटलं, तुला काय करायचंय? तो आत गेला आणि नमुन्याची एक प्लॅस्टिकची डबी घेऊन आला. लघवी तपासायला देतात तसली, पांढऱ्या झाकणाची. वर चिकटपट्टीवर त्याच्या अक्षरात: धैर्यशील इंगवले, पुरुष, वय ४१, खडा.

आत लिंबाएवढा काळा दगड होता. एका बाजूला मडकं घासल्याची लाल खूण.

मी विचारलं, हे कुणी दिलं. तो सांगत होता आणि मी कापूस धरून बसले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, झालं असंल तर सरका की जरा." मला सरकता आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मोना त्याच्याकडे गेली. आपण सगळ्या आत दुसऱ्या दिवसाच्या विधीचं सामान काढत होतो. म्हणाली, "काका, हा पप्पांचा खडा हाय. रिपोर्ट कधी मिळंल?"

"मला वाटलं मुतखडा आसंल," जिनेंद्र म्हणाला. "पेशंट आणून देत्यात की तपासायला. हात पुढं केला तर ह्यो धोंडा. आणि मग ध्यानात आलं, पप्पा तर गेल्यात. तोंडातनं निघून गेलं, येळ लागंल बाळ. तर ती म्हणाली, म्हाईत हाय, मी चक्कर मारून येतो."

"मग?"

"आली की. मी म्हटलं अजून न्हाई. परत गेली, परत आली. संध्याकाळपतूर चारदा आली. शेवटी म्हणाली, आता शाळा झाल्यावर रोज येत जाईन."

"तू तिला सरळ सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं असतं आज्जी?"

मी सांगितलं असतं. पण त्याला तसं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबी द्यायला आपल्या दारापर्यंत आला होता. आतून भांडणाचा आवाज ऐकला आणि परत फिरला. ते आपलंच भांडण होतं.

आता नीट बघ. लहान पोर आहे म्हणून आक्काने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्यात तुझ्या पप्पाचा जीव हाय, हात लावू नगंस." जीव आणि दगड हा शब्द मी फोडून दिला होता. दगडाचं काय करायचं ते खेळाने दाखवलं होतं, बापाच्या मांडीवर बसवून. आणि तो आजारी असताना तू, मी, कृष्णात, सगळेच तिला रोज म्हणत होतो, रिपोर्ट चांगला आला की पप्पा घरी येणार. मोठ्या माणसांनी सांगितलेलं सगळं तिने ऐकलं आणि बेरीज केली. बेरीज चुकलेली नाही. मी तीनदा करून बघितली.

ती रोज विचारते तो रिपोर्ट हा आहे. तू तिला नाशिकला नेलंस आणि तिला वाटतं की पप्पा तयार झाले असतील आणि न्यायला कुणी आलं नाही म्हणून लॅबमध्ये बसून असतील.

खडा तू टाकला नव्हतास. मी घाटावर विचारलं, ते शाळेतल्या पद्धतीने. वर्गात काही हरवलं तर ज्याच्यावर संशय आहे त्यालाच सगळ्यांसमोर पहिल्यांदा विचारायचं. त्याला विचारणं म्हणत नाहीत हे मला तेव्हाही माहीत होतं.

काल दुपारी कृष्णातकडे गेले. मग घाटावर होत्या त्या गल्लीतल्या बायकांकडे, एकेकीच्या दारात. आज सकाळी शिरोळ. आक्का म्हणाली, "लेकराचं काम ते, चालायचंच." तुझ्याविषयी काही बोलली नाही. मी उठले नाही. चहा झाला. जेवण झालं. बाळासो भावजी दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आक्का म्हणाली, "यष्टी चुकंल तुझी." मी म्हटलं, चुकू दे. शेवटी म्हणाली, "बरं बाई, चुकलं माझं. सांग त्या पोरीला." मग उठले. म्हणून सांगते आहे.

डबी मी उघडलेली नाही. कोनाड्यातही ठेवली नाही. माझ्या उशाशी चष्म्याशेजारी आहे.

मोनाला हे तिथे सांगू नकोस. नमुना तिने दिला आहे, परत घ्यायलाही तीच आली पाहिजे. कृष्णात तेवीसच्या सुमाराला गुळाच्या व्यवहारासाठी नाशिकला येणार आहे. सव्वीस जानेवारीला जोडून त्याच्या गाडीतून तिला दोन दिवस पाठव. तू ये असं मी म्हणत नाही. आधीच्या पत्रांत जे लिहिलं त्यानंतर ते म्हणायला मला तोंड नाही.

विजयमाला


१४ जानेवारी

तेजस्वी,

'पाठवते. पण तिला खोटं सांगू नका.'

तुझं उत्तर एवढंच, आणि पुरेसं आहे.

खोटं मी सांगत नाही. तुला ते माहीत आहे. मला ह्या खेपेला भीती त्याचीच वाटते.

तिळगूळ कृष्णातबरोबर पाठवीन. बोलणं सुरू कर असा त्याचा अर्थ लावू नकोस. तीळ आहेत, खा.

विजयमाला


२७ जानेवारी

तेजस्वी,

हे कृष्णातजवळ देते आहे. तो गाडीत हवा भरून येईपर्यंत संपवायचं आहे. मोना आत तुझ्यासाठी भडंग बांधून घेते आहे. अर्धं सांडलं आहे, सांडू दे.

शनिवारी आली. चपला काढायच्या आत म्हणाली, "रिपोर्ट आला?" मी म्हटलं, तुलाच देणार आहेत. डबी मी आदल्या दिवशी जिनेंद्रकडे नेऊन ठेवली होती. एरवी शर्टावर असतो तो. त्या दिवशी पांढरा कोट घालून, इस्त्री करून, उभा होता. मी त्याला सांगितलेलं नव्हतं. मोनाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिला बरं वाटलं.

त्याने डबी तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरली.

"आज्जी, त्यो तसाच हाय."

"हो."

"काका, तुमच्यात मशीन न्हाई?"

"रक्ताचं हाय बाळ. दगडाचं न्हाई."

"मग कुणाच्यात हाय? पुण्यात हाय?"

जिनेंद्रने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कुठंही नाही. तसलं मशीन नसतं, मोना. ते खेळात असतं. पप्पा परत येणार नाहीत."

तुला वचन दिल्याप्रमाणे सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

ती रडली नाही. म्हणाली, "एकदा चक्कर मारून येऊया." मी म्हटलं, चल. आम्ही गल्लीला वळसा घालून आलो. तिने डबी बघितली. तसाच. पुन्हा गेलो, ह्या खेपेला लांबून, तालमीच्या मागून. पुन्हा आलो. तसाच. आणखी एकदा निघालो तर कोपऱ्यावर ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे आज्जी. तुझे गुडघे दुखत्यात."

मग लॅबच्या पायरीवर बसून रडली. मोठ्याने. रक्त द्यायला आलेली माणसं तिला ओलांडून जात होती. गप्प हो असं मी म्हटलं नाही. मीही पायरीवर बसले. मला बसलेलं बघून गल्लीतल्या दोन बायका लगबगीने आल्या, त्यांना वाटलं मी पडले. मी म्हटलं, पडले नाही, बसले आहे. जा आपल्या कामाला.

जिनेंद्र आतून पाणी घेऊन आला. त्याच डब्यांतल्या एका नव्या डबीतून. दुसरा पेला नव्हता म्हणाला. तिने प्यायलं.

काल सकाळी आम्ही दोघी घाटावर गेलो. कृष्णात येतो म्हणाला, मी नको म्हटलं. नदी बरीच उतरली आहे. पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. मोनाने डबीचं झाकण काढलं, खडा हातात घेतला, कानाला लावला. मग म्हणाली, "ह्यात पप्पा न्हाईत न्हवं?"

"नाहीत."

"आदी हुते?"

"नव्हते. कधीच नव्हते."

"मग नदीत कशाला टाकायचा?"

मी म्हटलं, पद्धत आहे. तिला ते उत्तर पटलं नाही. मलाही कधी पटलेलं नाही. ती खालच्या पायरीवर उकिडवी बसून पाण्यात बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, खाली गाळ हाय न्हवं?"

"आहे."

"मग ह्यो गाळात जाणार. वर गाळ बसणार. परत बसणार. लई वर्सं. मग नदी तिकडनं जाईल आणि ह्यो वर येईल. आणि कुणाला तरी गावंल. तवर त्येंच्याकडं मशीन झाल्यालं असंल."

असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर दिल्यावर पोरं बघतात तसं.

तो दगड बेसाल्टचा आहे, तेजस्वी. आगीतून आलेला. त्यात कधी काही नव्हतं. तो गाळात कितीही काळ पडला तरी त्याचा जीवाश्म व्हायचा नाही, कुणाला सापडला तरी ते त्याने चटणी वाटतील. हे मी जन्मभर शिकवलं. चुकीचं उत्तर वहीत कधी तसंच सोडलं नाही. माझ्या पोराच्या वहीतही नाही, तो रडला तरी नाही. शब्द जिभेवर आला होता.

"टाकू?" मोना म्हणाली.

मी म्हटलं, "टाक."

तिने जोर लावून टाकला. फार लांब गेला नाही. गेला तिथे थोडा वेळ पाणी गढूळ दिसलं, मग ते खाली वाहत गेलं.

येताना ती बरीच बडबडत होती. नाशिकच्या शाळेतली कुणी सई नावाची मैत्रीण आहे, ती पालीला घाबरत नाही. तुला ठाऊक असेल. दुपारी तिने मला खेळातल्या दोन गोष्टी शिकवल्या आणि मी दोन महिने चुकीचं बटण दाबत होते असं सांगितलं. खेळ तिच्याबरोबर पाठवते आहे. 'आज्जी'ला पेटीतून बाहेर काढून तिने झुंजीसाठी जवळ बाळगायच्या सहा जनावरांत ठेवलं आहे. बाळासोला मी काढू दिलं नाही.

कृष्णात हॉर्न वाजवतो आहे.

ती घरी आली की घाटावरचं तुला सांगेल. गाळाचं, नदी वळण्याचं, मशीनचं. सगळं क्रमाने सांगेल आणि सांगून झालं की बरोबर आहे का म्हणून तुझ्याकडे बघेल. तू खोटं सांगू नका म्हणाली होतीस आणि मी सांगितलं नाही. पण मी दुरुस्त केलं नाही.

तूही करू नकोस.

तुझी आत्ती